विंडोज अपडेट झालं की लॅपटॉप परत चुगल्या करायला लागतो? मग हे क्रमानं पाहा

चुगल्या म्हणजे आपली माहिती विंडोज बनवणाऱ्या कंपनीला, मायक्रोसॉफ्टला, पाठवत राहणं. लक्षणं आधी सांगतो, तुमचं यातलं कोणतं ते पाहा.

रात्री अपडेट लावून झोपले, सकाळी लॅपटॉप उघडला तर डेस्कटॉपच्या आधी एक निळसर स्क्रीन, "चला, तुमचा पीसी पूर्ण सेट करू या" टाइप, त्यावर पुढे जायचं बटण मोठं ठळक आणि "नंतर" हे एका बाजूला बारीक अक्षरात. हे पहिलं. दुसरं, आपण बंद करून ठेवलेलं लोकेशन चालू, खाली घड्याळाशेजारी छोटा बाण दिसून राहिला. तिसरं, स्टार्ट मेन्यूत न मागितलेले सल्ले, हे ॲप घ्या, ते करून पाहा. चौथं, डेस्कटॉपवरच्या फायलींवर ढगाचं नाहीतर हिरव्या टिकमार्कचं चिन्ह, आणि थोड्या दिवसांनी मेल येतो की तुमची जागा भरली, जास्त हवी तर पैसे भरा. पाचवं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा दिवसाचा दीड जीबी दुपारच्या जेवणाआधीच खल्लास. सहावं, उजव्या कोपऱ्यातून टिंग करून "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले". आणि सातवं म्हणजे घरातला एखादा हुशार माणूस म्हणतो, मी सांगितलं होतं ना, अपडेट करायचंच नसते.

हे सातवं सगळ्यात डेंजर, त्याच्याकडे नंतर येतो.

माझं नागपुरात प्रतापनगरकडे छोटं दुकान आहे, लॅपटॉप-पीसी दुरुस्तीचं, आणि महिन्यातून एकदा तरी हीच केस येते. विंडोजचं महिन्याचं सिक्युरिटी अपडेट अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी सकाळी सुटतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणून त्यानंतरच्या बुधवार-गुरुवारी फोन हमखास वाजतो, "दादा, अपडेट झालं अन् परत सगळं चालू झालं." इतक्या वेळा हेच निस्तरून मला एक गोष्ट पक्की कळली आहे, की बहुतेक वेळा कोणी चोरून काही चालू केलेलं नसते, ते आपल्याकडूनच करून घेतलेलं असते, आपण घाईत असताना, आपल्याच बोटानं.

मानेवाडा रोडवर एक काकू राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा-सून पुण्याला. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो, बाहेर पंचेचाळीस डिग्री, मी कूलरसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो आणि काकूंचं सुरू, "मी काहीच नाही केलं रे बाबा." मी म्हटलं, बरं, काल सकाळी काय काय झालं ते मला नुसतं हातानं करून दाखवा. तर त्यांनी स्क्रीनला न लावता हवेत बोट फिरवलं, "हे असं निळं आलं, मग इथं दाबलं, मग परत इथं, मग परत इथं, मग माझं नेहमीचं आलं." तिन्ही वेळा बोट एकाच जागी, उजवीकडे खाली. त्यावर लिहिलं काय होतं? "ते कोण वाचते, मला नातवाचा व्हिडिओ कॉल घ्यायचा होता." त्या तीन दाबांत त्यांच्या डेस्कटॉपवरचे फोटो, पेन्शनचे कागद, आधारचं स्कॅन, सगळं क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, चढायला लागलं होतं. म्हणून खालचं जे सांगून राहिलो त्यात निम्मं काम त्या निळ्या स्क्रीनचं आहे.

सगळ्यात आधी तारीख जुळवा

फुकटचं काम, दोन मिनिटं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी. तिथं कोणतं अपडेट कोणत्या तारखेला बसलं ते लिहिलेलं असते. वर "फीचर अपडेट्स" असा कप्पा असेल तर तो आधी पाहा, ही मोठी अपडेट वर्षातून एकदा येतात, यांच्यासोबत नवीन सोयी येतात आणि नवीन सोयीसोबत तिचं नवीन बटण येते, जे तुम्ही कधी बंद केलेलंच नसते कारण ते आधी नव्हतंच. लोक म्हणतात माझं बंद केलेलं चालू झालं, जाऊन पाहिलं तर जुनं बंदच असते, हे शेजारी नवीन उगवलेलं असते.

तारीख का जुळवायची, तर त्रास सोमवारी सुरू झाला आणि अपडेट त्याच्या पंधरा दिवस आधीचं असेल, तर चोर दुसराच आहे. सोमवारी काय टाकलं ते आठवा. एखादं फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर, ब्राउझरचं एक्स्टेन्शन, पोरानं टाकलेला गेम.

सोबतच विंडोज की आणि आर दाबून विनव्हर टाइप करा, एंटर. दहा आहे की अकरा ते कळेल. आणि सेटिंग्जच्या सिस्टीममध्ये अबाउटला होम आहे की प्रो तेही पाहून ठेवा, पुढं लागेल. दहाचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण ती घ्यायला मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन-इन करावं लागते. म्हणजे ज्यानं इतकी वर्षं मुद्दाम लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं, ठेवलं त्याला इथं थोडा विचार करावा लागतो. माझं मत विचाराल तर नेट वापरत असाल तर घ्या मुदत, आणि साइन-इन झाल्यावर खालची सगळी बटणं परत एकदा तपासा.

कोपऱ्यातला व्हायरस हा विंडोजचा नसतो

सहावं लक्षण असेल तर एवढंच करा आणि बाकी पोस्ट वाचायची गरज नाही. ते पॉपअप ब्राउझरचं नोटिफिकेशन असते. कुठल्यातरी साइटनं "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" म्हटलं आणि कोणीतरी दाबलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट परमिशन, नोटिफिकेशन, तिथं अलाऊ केलेल्या साइटची यादी दिसते, अनोळखी नावं सगळी काढा. मागे एका भाऊनं याच्यापायी अख्खी विंडोज फॉरमॅट करून घेतली होती दुसरीकडे, नंतर ब्राउझरमध्ये तीच साइट उघडून परत अलाऊ दाबलं आणि टिंग परत सुरू. पैसे गेले ते गेले, वरून लग्नाचे फोटोही गेले.

निळी स्क्रीन बंद करा

ही सगळ्यात कामाची. सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्स, आणि मग पार खालपर्यंत स्क्रोल करा, तळाशी "ॲडिशनल सेटिंग्ज" म्हणून बंद कप्पा आहे तो उघडा. तीन चौकोन असतात. एक अपडेटनंतर स्वागताची स्क्रीन दाखवण्याचा, एक "सेटअप पूर्ण करा" सुचवण्याचा, एक टिप्स देण्याचा. तिन्हींची खूण काढा. विंडोज दहामध्ये हे चौकोन नोटिफिकेशन्स अँड ॲक्शन्स या पानावर वरच्या भागातच दिसतात.

का, तर संमती गोळा व्हायची मुख्य जागा हीच आहे. ती समोर आलीच नाही तर घाईत दाबायचा प्रश्नच नाही. घरात म्हातारी माणसं किंवा शाळकरी पोरं तोच लॅपटॉप वापरत असतील तर बाकी काही नाही केलं तरी चालेल, हे करा. तरी एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ती आलीच तर घरच्यांना एकच वाक्य पाठ करायला लावा, मोठं बटण दाबायचं नाही, बारीक अक्षरातलं शोधायचं.

डायग्नॉस्टिक डेटा, म्हणजे खरी चुगली

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक. इथं थोडं थांबू, कारण यावर लोकांचा जेवढा गैरसमज आहे तेवढा कशावरच नाही.

डेटा दोन प्रकारचा जातो. एक "रिक्वायर्ड", तुमचं मशीन कोणतं, मेमरी किती, ड्रायव्हर कोणते, अपडेट नीट बसलं की फेल झालं, असलं. होम आणि प्रोमध्ये हा बंद करायचं बटणच नाही, तो जाणारच, पूर्ण बंद करायची सोय एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला आहे. दुसरा "ऑप्शनल", आणि हा बंद करता येतो. यात एज ब्राउझरवर कोणत्या साइट पाहिल्या, कोणतं ॲप कसं वापरलं हे असते, आणि एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते, एखादा प्रोग्राम क्रॅश झाला तर त्या क्षणी मेमरीत काय होतं त्याचा भाग जाऊ शकतो, आणि त्यात तुम्ही उघडलेल्या फाइलचे तुकडे न ठरवताही येऊ शकतात. हे कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलेलं आहे, मी पदरचं सांगत नाही.

सिव्हिल लाइन्सला एक वकील साहेब आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते चष्मा काढून माझ्याकडे पाहायला लागले. म्हणजे माझ्या अशिलाचा ड्राफ्ट उघडा असताना वर्ड लटकला तर? मी म्हटलं जी, ऑप्शनल चालू असेल तर त्यातला तुकडा जाऊ शकतो, जाईलच असं नाही. ते म्हणाले बंद कर, आत्ता. मग चहा मागवला आणि प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हणून २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल कसा लागला, त्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठात आपल्या नागपूरचे शरद बोबडे कसे होते, हे सगळं सांगितलं. त्यांनीच सांगितलं की २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय, संमती मागे घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं पाहिजे. मी म्हटलं साहेब, द्यायला एक क्लिक अन् काढायला चार मेन्यू, याला सोपं म्हणायचं का, तर ते हसले नुसते.

तर या पानावर काय करायचं: ऑप्शनल डेटा बंद. टायपिंग आणि हस्ताक्षर सुधारण्याचं बटण बंद. टेलर्ड एक्सपीरियन्सेस, म्हणजे त्या डेटावरून सल्ले-जाहिराती दाखवणं, बंद, काही व्हर्जनमध्ये हे याच पानावर आहे, काहींत "रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स" या वेगळ्या पानावर सरकवलेलं आहे, तिथंच ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी तुम्हाला ओळखायचा नंबर, हाही सापडेल, तोही बंद. जुन्या व्हर्जनला हे पान "जनरल" नावानं आहे. फीडबॅक फ्रिक्वेन्सी "नेव्हर". आणि "डिलीट डायग्नॉस्टिक डेटा" असं बटण आहे ते एकदा दाबा, कारण वरचं बंद केल्यानं पुढचं थांबते, मागचं गेलेलं आपोआप पुसलं जात नाही.

खरंच काय जाते हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर त्याच पानावर "व्ह्यू डायग्नॉस्टिक डेटा" आहे. ते चालू केलं की डिस्कवर एक जीबीपर्यंत जागा घेते, आणि स्टोअरमधून डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर टाकला की एकेक नोंद वाचता येते. कंटाळवाणं आहे, नुसते कंस आणि आकडे, पण एकदा पाहा, भीती निम्मी कमी होते आणि उरलेली निम्मी जागेवर येते. पाहून झालं की बंद करा, उगाच जागा अडते.

त्याच प्रायव्हसीच्या यादीत खाली लोकेशन, स्पीच, ॲक्टिव्हिटी हिस्टरी, सर्च परमिशन्स ही पानं आहेत. लोकेशनला सगळं बंद करू नका सरसकट, हवामान किंवा नकाशा वापरत असाल तर तेवढ्याच ॲपला द्या. बाकी नको ते बंद. कोणाकडे ते नवीन कोपायलट प्लस लॅपटॉप असतील तर "रिकॉल अँड स्नॅपशॉट्स"ही पाहा, ते आपण होकार दिल्याशिवाय चालू होत नाही आणि स्क्रीनचे फोटो मशीनवरच राहतात, पण होकार घरातल्या कोणी दिला असेल ते तुम्हाला काय माहीत.

फायलींवर ढग आला असेल तर हळू

इथं घाई केली की रडारड होते, म्हणून नीट वाचा. खाली टास्कबारमध्ये ढगाच्या चिन्हावर क्लिक, गिअर, सेटिंग्ज, "सिंक अँड बॅकअप", त्यात "मॅनेज बॅकअप". डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांपैकी जे चालू आहे ते तिथं दिसते. वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, त्यावर फुकट जागा पाच जीबी, आजकाल एका लग्नाचे फोटो त्यात मावत नाहीत, म्हणून तो "जागा भरली" मेल येतो.

बॅकअप बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. घाबरू नका. फायली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून कॉपी करून परत जागेवर आणा. कॉपी, कट नाही. आणि सगळं आलंय याची खात्री होईपर्यंत क्लाउडवरून काहीही डिलीट करू नका, कारण सिंक चालू असताना तिकडं उडवलं की इकडूनही उडते. काकूंचे फोटो मी आधी पेनड्राइव्हवर घेतले, मोजले, एक हजार आठशे आणि वर काही, मग बटणाला हात लावला. काकू मधून मधून विचारत होत्या, "नातवाच्या बारशाचे आहेत ना त्यात?"

डेटा दुपारीच संपतो त्याचं

यात चुगलीचा वाटा फार थोडा असतो, डायग्नॉस्टिक डेटा काही जीबीजीबीनं जात नाही. खाणारे दोघं, खुद्द अपडेट आणि वरचा क्लाउड बॅकअप. आधी हॉटस्पॉटच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "मीटर्ड कनेक्शन" चालू करा, म्हणजे विंडोजला कळते की डेटा जपून वापरायचा, फुकट आहे, बराचसा निकाल तिथंच लागतो. मग विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन". तुम्ही उतरवलेल्या अपडेटचे तुकडे दुसऱ्या मशिनींना द्यायची सोय आहे ती. घरातल्याच दोन-तीन मशिनींपुरती असेल तर चांगलीच आहे, पण इंटरनेटवरच्या अनोळखी मशिनींना देण्यावर ठेवलेली असेल तर तुमचा अपलोड तुमच्या पैशानं परक्याला. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये या महिन्यात किती दिलं ते दिसते. बंद करा नाहीतर लोकल नेटवर्कपुरतं ठेवा.

अकाउंटवर जे आधीच गेलंय ते

लॅपटॉपवर बटण बंद केलं म्हणजे अकाउंटवरचा जुना साठा गेला असं नाही. ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, त्यात प्रायव्हसीचा डॅशबोर्ड आहे, सर्च, लोकेशन, ब्राउझिंग यांची हिस्टरी तिथं वेगवेगळी पुसता येते. दहा मिनिटं लागतात, वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईसोबत करून टाकायचं.

फोनबद्दल विचारणारे विचारतीलच म्हणून, अँड्रॉइडला सेटिंग्जच्या सर्चमध्ये "युसेज अँड डायग्नॉस्टिक्स" टाका, बंद करा, आणि "ॲड्स" टाकून ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. झालं.

आता अवघड भाग, हात जपून

इथून पुढं फक्त ज्यांना सवय आहे त्यांनी. आणि आधी दोन कामं. एक, रिस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आजच्यासारखी परत करता येते. दोन, डिव्हाइस एन्क्रिप्शन नाहीतर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का पाहा, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. हे मी हात जोडून सांगून राहिलो. नवीन लॅपटॉपवर अकाउंटनं साइन-इन केलं की हे गुपचूप चालू झालेलं असू शकते, की त्या अकाउंटमध्ये जमा असते, आणि लोक प्रायव्हसीच्या नादात आधी ते अकाउंटच उडवतात. मग कधीतरी मशीन ती की मागते आणि जगात कोणाकडेच ती नसते. माझ्याकडेही नसते.

प्रो असेल तर विंडोज आणि आर, जीपीएडिट डॉट एमएससी, हे मशीनचे नियम म्हणजे पॉलिसी ठरवायचं साधन. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कम्पोनंट्स, "डेटा कलेक्शन अँड प्रिव्ह्यू बिल्ड्स", त्यात "अलाऊ डायग्नॉस्टिक डेटा". रिक्वायर्डवर लावा. "ऑफ" दिसेल तिथं पण प्रोवर ते रिक्वायर्डसारखंच धरलं जाते, उगाच खुश होऊ नका. याचा फायदा काय तर नुसतं सेटिंगमधलं बटण घरातलं कोणीही निळ्या स्क्रीनवर परत दाबू शकते, पॉलिसी लावली की ते बटणच करडं पडते. होममध्ये जीपीएडिट नाही, आणि ते "होममध्ये टाकून देतो" म्हणणाऱ्या फायली यूट्यूबखाली मिळतात त्या नका घेऊ.

सर्व्हिसेसमध्ये "कनेक्टेड युजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री" नावाची सर्व्हिस आहे, हाच डायग्नॉस्टिक डेटा पाठवणारी (टेलिमेट्री म्हणजे तेच), ती डिसेबल करता येते. मोठ्या अपडेटनंतर परत पाहावं लागते. मी स्वतः ऑफिसच्या मशिनीला पॉलिसी लावतो आणि सर्व्हिसला हात लावत नाही, कारण सहा महिन्यांनी काही बिघडलं तर काय काय बंद केलं होतं ते आठवत बसावं लागते.

होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या नेटच्या पत्त्यांच्या यादीत, कंपनीचे पत्ते ब्लॉक करायचा जुना उपाय अजूनही फिरतो. २०२० पासून डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, असल्या बदलाला धोका म्हणून पकडतो आणि फाइल जुन्यासारखी करतो, मग लोक मला सांगतात व्हायरस आला. तसंच "अमुक केबी नंबरचं अपडेट लपवा" हाही, केबी नंबर म्हणजे प्रत्येक अपडेटचा क्रमांक. २०१५ मध्ये विंडोज सातवर केबी ३०६८७०८ आणि केबी ३०८०१४९ अशी टेलिमेट्रीची अपडेट सुटी आली होती, तेव्हा ती वेचून काढता येत होती. ऑक्टोबर २०१६ पासून सात आणि आठलाही महिन्याचं सगळं एकाच गठ्ठ्यात यायला लागलं, तांदळातले खडे वेचायचे दिवस तिथंच संपले. ते जुने नंबर अजून व्हॉट्सॲपवर फिरून राहिले, कशासाठी देव जाणे.

आणि त्या "एका क्लिकमध्ये विंडोज साफ" करणाऱ्या स्क्रिप्ट. इतवारीतल्या एका होलसेल दुकानात मालकाच्या पोरानं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बापाच्या मशिनीवर धनतेरसच्या आदल्या दिवशी चालवली. टेलिमेट्री गेली. सोबत प्रिंटिंगची एक सर्व्हिस गेली, स्टोअर गेलं, अपडेट गेलं. दुकानात गिऱ्हाईक उभं, बिल स्क्रीनवर दिसून राहिलं अन् प्रिंट निघेना, आणि भाऊ म्हणजे बाप पोराकडे असा पाहत होता की मलाच वाईट वाटलं. स्क्रिप्टनं काय काय उडवलं त्याची यादी पोराजवळ नव्हती, रिस्टोर पॉइंट नव्हता. रात्री एकपर्यंत बसून विंडोजची रिपेअर इन्स्टॉल केली. तुम्हाला कोड वाचता येत नसेल तर दुसऱ्याचा कोड ॲडमिन म्हणून चालवू नका, एवढं साधं आहे हे.

आता ते सातवं

अपडेटच बंद करायचं. नाही. मार्च २०१७ मध्ये विंडोजच्या एका भोकाचं पॅच आलं, १४ मार्चला. १२ मेला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस सुटला आणि त्यानं ज्यांनी ते पॅच लावलं नव्हतं त्यांची मशिनं धरली, जगभर, इंग्लंडातल्या सरकारी हॉस्पिटलांसकट. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. म्हणजे कंपनीला तुमच्या मशिनीत किती मेमरी आहे ते कळू नये म्हणून तुम्ही दार उघडं टाकणार आणि खंडणी मागणाऱ्याला अख्खा हिशोब देणार, हा कुठला सौदा? घाई नसेल तर पॉज करा, पाच आठवड्यांपर्यंत करता येते, मी स्वतः मोठं फीचर अपडेट महिनाभर थांबूनच लावतो. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या फायली उडवत होतं म्हणून कंपनीलाच थोड्या दिवसांत थांबवावं लागलं होतं, तेव्हापासून ही सवय. पण महिन्याचं सिक्युरिटी अपडेट लावायचंच.

लिनक्स टाका म्हणणारेही येतील, टाका, चांगलं आहे, मीही वापरतो. पण उबुंटू नावाच्या लिनक्सनंही २०१२ मध्ये मेन्यूच्या सर्चमध्ये ॲमेझॉनचे रिझल्ट घातले होते आणि ते डीफॉल्टनं बंद व्हायला २०१६ उजाडलं. बटणं तपासायची सवय तिथंही लागतेच.

कुठं थांबायचं

सेटिंग्जच्या पानावर "काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते" असं लिहिलेलं दिसलं आणि लॅपटॉप कंपनीचा असेल, तर थांबा, तुमच्या आयटीवाल्याला विचारा, तोडायला जाऊ नका. लॅपटॉप तुमचा स्वतःचा असूनही असं दिसत असेल तर आधी कोणीतरी पॉलिसी किंवा स्क्रिप्ट लावलेली आहे, ते कोण होतं ते आठवा आणि जाणकाराला दाखवा. बिटलॉकरची निळी स्क्रीन की मागत असेल आणि की नसेल तर काहीही दाबू नका, रिसेट तर अजिबात नाही, आधी घरच्या सगळ्यांच्या अकाउंटमध्ये की शोधा. मशीन अपडेटवर येऊन परत परत रीस्टार्ट होत असेल, डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, तर बंद करा आणि घेऊन या, आधी डेटा वाचवायचा, प्रायव्हसी नंतर. विंडोज क्रॅकनं ॲक्टिव्हेट केलेली असेल तर वरच्या कोणत्याही बटणाला काही अर्थ नाही, त्या ॲक्टिव्हेटरसोबत काय आलंय ते कोणालाच माहीत नाही, डेटा बाजूला काढून स्वच्छ विंडोज टाकणं हाच उपाय.

आणि कोणी "मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या अपडेटमध्ये प्रॉब्लेम आहे" म्हणून फोन केला, एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचा लॅपटॉप चालवायचं ॲप, टाकायला लावलं आणि अकाउंटमधून पैसे गेले, तर ते माझं काम नाही, नेट काढा, बँकेला कळवा आणि ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा.

बाकी दुकानात आणायचं असेल तर आणा, चार्जरसकट आणा, आणि लॉगिनचा पिन ज्याला माहीत आहे त्या माणसालाही आणा. मागच्या शनिवारी एक काका लॅपटॉप घेऊन आले, पिन नातीला माहीत, नात ट्यूशनला.